वडिलांचा सीटी झाला, डोकं स्थिर ठेवणारा मास्क झाला, तरी रेडिएशन सुरू व्हायला आठवडा का? प्लॅन तर कॉम्प्युटरच करतो ना?

मी नवी मुंबईत मेडिकल फिजिसिस्ट आहे, हे प्लॅन करणं माझं रोजचं काम. वडिलांना घशाचा कॅन्सर आणि हातात तारीख नाही, तुमचा जीव टांगणीला लागणारच.

हिशेब कॉम्प्युटर करतो. पण सीटीत त्याला करड्या छटाच दिसतात. गाठ कुठे संपते हे डॉक्टर ठरवतात, सीटीच्या शंभरेक कापांवर एकेक करून कड आखतात. मग आम्ही अटी घालतो: गाठीला 70 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप), मज्जारज्जूला 45 च्या वर नको, लाळग्रंथीला सरासरी 26 च्या आत.

या सगळ्या अटी एकदम क्वचितच जमतात. परवाच एका काकांच्या डाव्या लाळग्रंथीला 31 ग्रे जात होते, गाठ तिला खेटूनच होती. अटी बदलून तीनदा हिशेब केला. ग्रंथी 25 वर आली, पण गाठीच्या कडेला डोस कमी पडायला लागला. डॉक्टरांना बोलावलं. स्क्रीनसमोर बसून दोघांनी ठरवलं, डावी ग्रंथी सोडू, गाठीची कड सोडायची नाही. उजवी वाचली, काकांना पुढे पोळीचा घास गिळायला तेवढी लाळ पुरेल अशी आशा आहे. हा निर्णय कॉम्प्युटरवर सोडता येत नाही.

त्यानंतर संध्याकाळी शेवटचा पेशंट घरी गेला, की तोच प्लॅन मशिनवर रिकामा चालवून मोजतो. कागदावरचा डोस आणि मोजलेला डोस जुळला तरच पेशंटला टेबलवर घेतो.

या दिवसांत तुमच्या हातातही बरंच आहे. दात दाखवले नसतील तर आजच दाखवा. रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याची जखम लवकर भरत नाही. वजन उतरू देऊ नका. मऊ भात, दूध, अंडी, जे जाईल ते द्या. चेहरा उतरला की मास्क सैल होतो आणि कधी कधी सगळा प्लॅन नव्याने करावा लागतो. दाढी मास्कच्या दिवशी होती तशीच ठेवा.

साधारण 35 फेऱ्या होतील, सोमवार ते शुक्रवार, सात आठवडे. ठाण्याहून पनवेल लोकलने येणार असाल तर गर्दी टाळून दुपारची वेळ आत्ताच मागून घ्या. आठवडा उलटूनही फोन आला नाही, तर सरळ रेडिएशन विभागात या आणि विचारा, "प्लॅन कुठवर आलाय?" आम्ही स्क्रीनवर दाखवतो.