संध्याकाळी बसायचं, पण दारूशिवाय

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे: सोलापुरात दारू न पिणाऱ्याने संध्याकाळी जायचं कुठे आणि प्यायचं काय? त्यातले चार प्रश्न घेतो.

मित्र आठवड्याला ‘बसायला’ बोलावतात. मी पीत नाही. परमिट रूममध्ये कोल्ड्रिंक घेऊन बसलो की अर्ध्या तासात नको होतं. काय मागवू? (सात रस्ता)

नको होतं ते गोडामुळे. कोल्ड्रिंकच्या २५० मिलीत साधारण २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. दारूचा ग्लास तासभर पुरतो, कारण तिला कडवटपणा असतो, घशाला चटका असतो; ती घोटाघोटानेच प्यावी लागते. तुमच्या ग्लासातही तसंच काही हवं. खारा लिंबू सोडा मागवा आणि वरून मिरपूड घालायला सांगा. टॉनिक वॉटर बहुतेक परमिट रूममध्ये मिळतं. क्विनीनमुळे ते कडवट लागतं, पण त्यातही साखर असते. म्हणून निम्मं टॉनिक, निम्मा साधा सोडा, लिंबाची फोड आणि भरपूर बर्फ. मेन्यूतल्या रंगीत मॉकटेलच्या वाट्याला जाऊ नका. त्यात बहुतेक वेळा सिरपच असतं.

ऑर्डर सगळ्यांच्या आधी द्या. आधी मागवलं की ‘तू काय घेणार?’ हा आग्रहाचा खेळ सुरूच होत नाही. आणि समोर सावजी मटण असेल तर सोड्याने तोंड आणखी भाजतं. तिथे मठ्ठाच हवा, दुधातलं केसीन हे प्रथिन तिखटाची आग खरोखर शमवतं.

बायको आणि मुलींना घेऊन निवांत बसता येईल, शेजारच्या टेबलावर बाटली नसेल, अशी जागा कशी शोधायची? (जुळे सोलापूर)

पाटी वाचा, पण पाटीवर विसंबू नका. ‘फॅमिली रेस्टॉरंट’ लिहिलेल्या कित्येक ठिकाणी मागच्या दालनात परमिट रूम असते. निघण्याआधी फोन करून सरळ विचारा: दारू मिळते का, आणि मिळत असेल तर फॅमिलीची बसायची जागा वेगळी आहे का? शुद्ध शाकाहारी हॉटेलात हा प्रश्न सहसा येत नाही. उघड्यावर बसायला आवडत असेल तर पार्क चौपाटी आहे, उन्हाळ्यात रसवंत्या आहेत. रस आलं-लिंबू घालून आणि बर्फ कमी घालून मागा. रमजानच्या महिन्यात विजापूर वेशीला संध्याकाळनंतर जी गर्दी लोटते, तिथे दारूचा थेंब नसताना शहर किती रंगतं ते मुलींना जरूर दाखवा.

‘०.०’ लिहिलेली बिअर दुकानात दिसते. ती खरंच बिनदारूची असते का? सून गरोदर आहे, ती घेऊ शकेल का? (अशोक चौक)

‘नॉन-अल्कोहोलिक’ आणि ‘०.०’ यांत फरक आहे. ‘०.०’ म्हणजे अल्कोहोल जवळपास शून्य असल्याचा दावा; ‘नॉन-अल्कोहोलिक’चं तसं नाही. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार ०.५ टक्क्याहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय ‘मद्य’ ठरतं. म्हणजे नुसतं ‘नॉन-अल्कोहोलिक’ लिहिलेल्या बाटलीत अर्ध्या टक्क्यापर्यंत अंश असू शकतो. अशी पेयं दोन-तीन प्रकारे बनतात. काही ठिकाणी बिअर नेहमीसारखी आंबवतात आणि मग कमी दाबाखाली, कमी तापमानाला अल्कोहोल उडवून लावतात. काही ठिकाणी आंबवणं मध्येच थांबवतात. तिसऱ्या प्रकारात आंबवतच नाहीत, नुसतं माल्टचं सरबत असतं. बाटलीच्या मागचा बारीक मजकूर वाचा. सुनेसाठी माझं मत स्पष्ट आहे: गरोदरपणात अल्कोहोलचं सुरक्षित प्रमाण ठरलेलं नाही, तेव्हा अर्ध्या टक्क्याचा जुगारही नको. कोकम सरबत द्या, ताक द्या.

मिस्टरांनी सहा महिन्यांपूर्वी दारू सोडली. उन्हाळ्यात घरी ०.० बिअर आणून ठेवली तर त्यांचं मन रमेल का? (अक्कलकोट रस्ता)

ताई, आणू नका. तुमचा हेतू चांगला आहे, पण तोच वास, तोच फेस, तीच बाटली उघडायची सवय यांनी झोपलेली तलफ जागी होऊ शकते. मिस्टर स्वतः मागत असतील तर आधी त्यांच्या डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. दारू सोडवण्यासाठी देतात ती डायसल्फिरामसारखी गोळी ते घेत असतील तर अल्कोहोलचा थोडा अंशही त्रासदायक ठरतो. उलट्या, धडधड, चेहरा लाल होणं असे त्रास होतात. अल्कोहोल असलेली खोकल्याची औषधंसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.

घरात त्यांच्या आवडीचं, बिअरशी काहीच नातं नसलेलं पेय ठेवा. पन्हं, ज्वारीची पातळ ताकातली आंबील, पुदिना घातलेलं ताक. आणि मुख्य म्हणजे सात ते नऊ ही वेळ मोकळी सोडू नका. सिद्धेश्वर तलावाकडे फिरून या. अडचण वाटली तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्रही आहे. जे अजून रोज पितात त्यांच्या घरच्यांसाठी एक सूचना: खूप वर्षं भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा.

याच पत्रात त्यांनी पुढे विचारलं आहे की मुलाच्या हळदीला पंचवीस मित्र येणार, त्यांना काय द्यावं? डाळिंब! भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं फळ सोडून दुसरं कशाला शोधायचं? भगवा डाळिंबाचा रस एक वाटी, लिंबू, ठेचलेलं आलं, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि दोन वाट्या थंड सोडा. साखर अजिबात नाही. सोडा अगदी शेवटी, ग्लासातच घाला. बरोबर कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगाचटणी ठेवा. बर्फ माणशी अर्धा किलो धरा, मे महिना असेल तर जास्त. आणि घेताना रंग बघा: निळसर बर्फ खाण्यासाठी नसतो, तो पेयात घालू नका.