बेळगावहून शाळेच्या मुलांना समुद्री कासवाची पिल्लं दाखवायला वेळास गाठावं लागेल का?

नाही, रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास फार लांब पडेल. आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीला जा, साधारण सव्वाशे किलोमीटर. मुलांना घेऊन दोनदा गेलोय, म्हणून सांगतो. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी थंडीत किनाऱ्यावर येऊन शंभरेक अंडी घालते, पिल्लं ४५ ते ६० दिवसांनी बाहेर पडतात. म्हणजे फेब्रुवारी-मार्च धरा. दहावीची पोरं परीक्षेत अडकलेली असतात, आठवीची न्या.

अंडी सुरक्षित ठेवलेल्या जाळीच्या कुंपणात प्रत्येक घरट्यापाशी तारीख आणि अंड्यांचा आकडा लिहिलेली पाटी असते. दिवस मोजायचं काम मुलांनाच द्या, व्याख्यानापेक्षा ते बरं! वाळूच्या उबेवरून पिल्लू नर की मादी हे ठरतं, हेही तिथंच सांगा, डोळे विस्फारतात.

फक्त पिल्लं दिसतीलच याची खात्री कोणी देणार नाही. निघण्याआधी तिथल्या कासवमित्रांना, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावकऱ्यांना, फोन करा, मुक्काम एक रात्रीचा ठेवा, कारण पिल्लं पहाटे किंवा संध्याकाळी सोडतात. मोबाईलचे फ्लॅश बंद, उजेडाने ती भरकटतात. हात लावू देऊ नका. वन्यजीव कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहे.