वाचकांचे प्रश्न : शाळेत लेकराचा स्वॅब घ्यायचा म्हणतात, सही करू का?

दुसरं सत्र सुरू झालं की सर्दी-तापाची साथ येते आणि तिच्या मागोमाग तपासणीची संमती मागणारे शाळेचे कागद घरी येतात : विषाणू शोधायला काडीने नाका-घशाचा नमुना, म्हणजे स्वॅब, घ्यायचा असतो. या वेळची बहुतेक पत्रं त्या कागदांवर आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

लेक-सून ऊसतोडीला कारखान्याला गेलेत. दोन नातवंडं गावातल्या हंगामी वसतिगृहात आहेत. शाळेनं तपासणीच्या संमतीचा कागद पाठवलाय. आमची सही चालते का? आजीचा अंगठा चालतो का?
*— आजोबा, तालुका गेवराई*

चालतो. मूल बारा वर्षांखालचं असेल आणि त्याच्या भल्यासाठी सद्हेतूने काही करायचं असेल, तर पालकाची किंवा ज्याच्या ताब्यात ते मूल कायद्याने आहे त्याची संमती पुरते, असं भारतीय न्याय संहितेचं कलम २७ सांगतं. आईबापांनी नातवंडं तुमच्यावर सोपवून कोयता हाती घेतला आहे, म्हणजे तुम्ही त्यात बसता. कलम २८ नुसार बारा वर्षांखालच्या लेकराची स्वतःची संमती ही संमती धरली जात नाही. "पोरगं हो म्हणालं म्हणून घेतला स्वॅब" हे म्हणणं म्हणूनच टिकत नाही. बारा ते अठरा वयाच्या मुलांच्या बाबतीतही मोठ्यांची सही घ्यावी आणि मुलालाही विचारावं. नको म्हणणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीला धरून काडी घालण्यात काही अर्थ नाही.

तरीही आईबापांना फोन लावाच. फडात दिवसा कुणी फोन उचलत नाही. संध्याकाळी कोपीवर, म्हणजे झोपडीवर, परतल्यावर लावा, स्पीकरवर ठेवा आणि समोर शिक्षक असू द्या. मग कागदाच्या मागे लिहून घ्या : कोणत्या नंबरवर, किती वाजता, कोण बोललं, काय म्हणालं.

अंगठ्याचं असं की, आधी कागद मोठ्याने वाचून दाखवला गेला पाहिजे. अंगठ्याखाली आजीचं पूर्ण नाव आणि साक्षीदाराची सही हवी. तो साक्षीदार शाळेचा किंवा तपासणी पथकाचा नसावा. शेजारी, आशाताई, कुणीही चालेल. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. उचलीच्या, म्हणजे मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ पैशांच्या, कागदावर अंगठा उठवायची सवय लागलेल्या मुलखात हे मुद्दाम सांगावं लागतं.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर निघण्याआधीच आईबापांनी मुख्याध्यापकांकडे एक अधिकारपत्र द्यावं. त्यात आजोबांचं नाव आणि नातं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या गोष्टींना आजोबा होकार देऊ शकतात, मुलाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे आणि दोघांचे फोन नंबर एवढं असलं की पुरे. एक प्रत आजोबांच्या पिशवीत राहू द्या.

ताप डोक्यात जाऊन झटके आले, लेकरू निपचित पडलं, तर सहीसाठी थांबायचं नसतं. तिथे डॉक्टर उपचार सुरू करतात आणि तेच बरोबर आहे.

कागदावर एवढंच लिहिलंय : "माझ्या पाल्याच्या सर्व आरोग्य तपासण्यांस माझी हरकत नाही." शिवाय व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आहे, "हरकत असल्यास उद्यापर्यंत कळवावे, अन्यथा संमती समजण्यात येईल."
*— पालक, जालना*

त्या वाक्यातला "सर्व" हा शब्द खोडा आणि मग विचार करा. वजन-उंची, डोळे, दात पाहणं हे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक करतंच आणि ते करू द्यावं. कितीतरी लेकरांचे हृदयाचे आणि कानाचे दोष अशाच तपासणीत सापडतात. नाकातून, घशातून किंवा रक्ताचा नमुना घेणं ही वेगळी गोष्ट आहे. तिला वेगळी संमती लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात हेच धरलं : एका गोष्टीला दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला लावता येत नाही आणि निदानाच्या तपासणीला दिलेला होकार म्हणजे उपचाराला होकार नव्हे.

"कळवलं नाही म्हणजे संमती" हेही चालत नाही. गोवर-रुबेला लसीच्या मोहिमेत दिल्लीतल्या शाळांचं प्रकरण जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा पालकांचं मौन म्हणजे होकार ही रीत न्यायालयाने मान्य केली नाही. निकाल दिल्लीचा आहे, पण मुद्दा जालन्यातही तोच आहे. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो बापाबरोबर कामावर जातो, त्या घरी मेसेज पोहोचतो रात्री नऊला.

कागदात कोणता विषाणू, कोणती चाचणी, नमुना कुठून आणि किती घेणार, घेणारा कोण, तारीख, नमुना कोणत्या प्रयोगशाळेत जाणार, अहवाल कुणाला मिळणार, पॉझिटिव्ह आल्यास मुलाचं काय होणार आणि नकार दिल्यास काहीही बिघडत नाही हे लिहिलेलं असावं. आम्हाला विचाराल तर यातला "पॉझिटिव्ह आल्यास काय" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच कोरा असतो. उर्दू माध्यमाच्या शाळेत कागद उर्दूत हवा. तांड्यावर गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलून सांगणारं कुणी असावं.

मोबाइल नंबरच्या रकान्यात स्वतःचा नंबर आहे ना, ते पाहा. घाईत सगळ्या वर्गापुढे वर्गशिक्षकाचाच नंबर टाकला जातो आणि चाळीस मुलांचे अहवाल एका फोनवर येतात. पुढे ते ग्रुपवर जायला एक बोट पुरतं.

माझ्या मुलीचा उन्हाळ्यात घोळणा फुटतो. नाकातली काडी मेंदूपर्यंत जाते म्हणतात. खरं का?
*— आई, परभणी*

नाही. पण तुमच्या मुलीच्या बाबतीत काळजीचं कारण दुसरं आहे.

स्वॅब दोन तऱ्हेने घेतात. पहिल्यात काडी नाकपुडीत फक्त एक-दीड सेंटीमीटर जाते आणि आतल्या भिंतीवर दहा-पंधरा सेकंद गोल फिरवतात, दोन्ही नाकपुड्यांत. दुसऱ्यात ती नाकाच्या मागे, घसा सुरू होतो तिथपर्यंत जाते. ही काडी टाळूला समांतर, कानाच्या दिशेने आडवी सरकवायची असते. मेंदू वर आहे, मध्ये हाड आहे, आणि काडीचा रस्ता खालून जातो. चुकतं ते घाईत काडी वरच्या बाजूला रेटल्याने. मग दुखतं, रक्त येतं, आणि गावभर बोभाटा होतो.

घोळणा फुटतो तो बहुधा नाकाच्या पुढच्या भागात, मधल्या पडद्यावर. म्हणजे वरवर सोपा वाटणारा पहिला स्वॅब नेमका त्याच जागी घासतो. म्हणून कागदावर ठळक लिहा : "घोळणा फुटतो, नाकातून घेऊ नये, घशातून घ्यावा." रक्त न गोठण्याचा आजार असेल किंवा नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तरीही तेच.

घशाचा स्वॅब टॉन्सिलवरून आणि मागच्या भिंतीवरून घेतात. जिभेला काडी लागली की उमासा येतो. म्हणून तो खिचडीच्या आधी घ्यायचा. मधल्या सुट्टीनंतर रांग लावणाऱ्या शाळेला दुसऱ्याच मुलापाशी कळतं की काय चुकलं.

काडी कोणती, हेही पाहा. पीसीआरसाठी, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीसाठी, नायलॉन किंवा पॉलिस्टरची टोकं आणि प्लास्टिकची दांडी लागते. लाकडी दांडीचा कापसाचा बोळा चाचणीत अडथळा आणतो. काडी दोन-तीन मिलिलिटर द्रवाच्या नळीत बुडवून खुणेवर मोडतात आणि बूच घट्ट लावतात. नळीवरचं नाव नमुना घेण्याआधी लिहिलेलं असावं; नंतर लिहायला घेतलं की दोन सख्ख्या भावांच्या नळ्यांची अदलाबदल होते. पुढे नळी २ ते ८ अंश सेल्सियसला, बर्फाच्या पेटीत, ७२ तासांच्या आत प्रयोगशाळेत.

लहान मूल मोठ्या माणसाच्या मांडीवर, पाठ छातीला टेकवून बसवावं. एक हात कपाळावर, एक दोन्ही हातांवर. दोघा-तिघांनी दाबून धरावं लागत असेल तर थांबावं, कारण हिसक्यानेच इजा होते. रक्त आलंच तर डोकं पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं सलग चिमटीत धरा. मान मागे टाकू नका, रक्त घशात उतरतं. कांदा हुंगवून दहा मिनिटं वाया घालवू नका.

पूर्ण शाळेची रॅपिड टेस्ट करून टाकली तर निर्धास्त होता येईल ना?
*— शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, औसा*

उलट घोळ वाढेल. नमुन्यादाखल हिशेब मांडू. शाळेत धडधाकट दिसणारी २०० मुलं आहेत आणि त्यातल्या दोघांत विषाणू आहे असं धरा. लक्षणं नसलेल्यांमध्ये ॲन्टिजेन चाचणी (हीच रॅपिड टेस्ट) निम्मे पकडते असं मानलं, तर एक सापडला, एक सुटला. उरलेल्या १९८ निरोगी मुलांत शंभरात एक चुकून पॉझिटिव्ह आला तरी दोन झाले. म्हणजे घरी पाठवलेल्या तिघांपैकी दोघांना काहीच झालेलं नाही, आणि ज्याला झालंय तो "निगेटिव्ह" म्हणून बाकावर बसलाय. लक्षणं नसलेल्यांच्या अशा सरसकट चाचण्या नकोत, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने कोविडच्या बाबतीत जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं होतं.

आजारी मुलाची चाचणी मात्र कामाची. त्यातही लक्षणं असून रॅपिड निगेटिव्ह आली तर पीसीआर करावी लागते.

किट बहुधा ३० अंशांच्या आत ठेवायचं असतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये मोटारसायकलच्या डिकीतून आलेल्या किटवर भरवसा ठेवू नये. पट्टीवर "सी" ची रेघ (चाचणी नीट चालल्याची खूण) उमटली नाही तर चाचणी बाद. "टी" ची, म्हणजे निकालाची, फिकट रेघही पॉझिटिव्हच. किटवर लिहिलेल्या वेळेलाच वाचा, बहुधा पंधरा मिनिटांनी. खिचडी वाटून आल्यावर तासाभराने दिसलेली रेघ मोजायची नाही.

आम्ही नाही म्हटलं. आता "परीक्षेला बसू देणार नाही" म्हणतात.
*— पालक, कळमनुरी*

सहा ते चौदा वयाच्या मुलाला असं बाहेर ठेवणं शिक्षण हक्क कायद्याच्या उलट आहे. मुख्याध्यापकांकडून लेखी मागा. बहुधा लेखी येत नाही. आलंच तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे घेऊन जा.

आजारी मुलाला घरी ठेवा म्हणण्याचा हक्क मात्र शाळेला आहे, चाचणी झालेली असो वा नसो. गोवरात पुरळ आल्यापासून चार दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस, कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत, अ प्रकारच्या काविळीत पिवळेपणा दिसल्यापासून आठवडाभर. कांजिण्यांना तर बहुतेकदा चाचणी लागतच नाही, डॉक्टर बघून सांगतात. डेंग्यूचं मूल शाळेत आल्याने शेजारच्या बाकावर डेंग्यू जात नाही. तो डासातून जातो. तिथे मुलांपेक्षा शाळेच्या रांजणाची तपासणी आधी करा.

वसतिगृहाच्या प्रवेशाला एचआयव्हीचा अहवाल मागितलाय.
*— नाव देऊ नये, जिल्हा नांदेड*

देऊ नका. एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ नुसार शिक्षणासाठी ही चाचणी अट म्हणून घालता येत नाही आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय ती करताही येत नाही. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. अर्जातला तो रकाना रेघ मारून सोडा.

विषाणू बघायला रक्त कशाला? मागे आमच्या जिल्ह्यात रक्त घेऊन गेले होते, पण कुणी आजारी निघालं नाही.
*— पालक, माजलगाव*

ते बहुधा सर्वेक्षण असावं. कोविडच्या राष्ट्रीय सिरो सर्वेक्षणात, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं पाहणाऱ्या पाहणीत, बीड, परभणी आणि नांदेड हे जिल्हे होते. २०२१ च्या जून-जुलैमधल्या चौथ्या फेरीत सहा वर्षांपुढच्या मुलांचंही रक्त घेतलं. देशभरात सहा ते नऊ वयाच्या मुलांपैकी ५७.२ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. प्रतिपिंड म्हणजे विषाणू येऊन गेल्याची खूण. आज आजार आहे असं त्यातून कळत नाही.

डेंग्यूत मात्र रक्तच लागतं, दोन-तीन मिलिलिटर. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी), त्यानंतर आयजीएम (प्रतिपिंडं शोधणारी). दुसऱ्या दिवशी आयजीएम केली तर डेंग्यू असूनही निगेटिव्ह येते आणि पैसे फुकट जातात.

संशोधनासाठी रक्त घेत असतील तर कागदावर "संशोधन" हा शब्द, ज्या नीतिमत्ता समितीने मान्यता दिली तिचं नाव आणि उरलेल्या नमुन्याचं काय करणार हे हवंच. तिथे सात ते अकरा वयाच्या मुलाचा तोंडी आणि बारापुढच्याचा लेखी होकारही घ्यावा लागतो. "पुढे वापरण्यासाठी जपून ठेवू" असं वाक्य असेल आणि ते नको असेल, तर तेवढ्यावर काट मारून शेजारी सही करा. बाकी कागद तसाच राहू शकतो.