पहिल्यांदा हाइडमध्ये बसणार असाल तर एवढं सांभाळा

हाइड म्हणजे पक्ष्यांना न दिसता त्यांना बघायला, फोटो काढायला बसायचा आडोसा. त्यासाठी कर्नाटकातल्या गणेशगुडीला चालला असाल तर सुरुवात एकदम मस्त जागेवर होतेय! लेन्स कुठली, सेटिंग काय हे सध्या राहू द्या, आधी बसायचं कसं ते बघा.

१. बर्ड बाथवर, म्हणजे पक्ष्यांच्या आंघोळीसाठी केलेल्या उथळ पाण्यावर, पक्षी येण्याआधी हाइडमध्ये जाऊन बसा. स्वर्गीय नर्तक पाण्यात डुबक्या मारत असताना मधेच उठलात की तो उडतो आणि शेजारच्यांचा अख्खा चान्स जातो, त्यामुळे उठायचंच असेल तर समोर पक्षी नसताना हळूच उठा.

२. मोबाईल सायलेंट, कॅमेऱ्याचा बीप बंद, फ्लॅश नाहीच. लेन्स खिडकीबाहेर फार काढू नका, ती हललेली पक्ष्याला लगेच दिसते.

३. मनासारखे फोटो मिळाले की पुढची जागा मागच्याला द्या. नुसती दुर्बीण घेऊन आलेल्या माणसाचाही तिथे तेवढाच हक्क आहे, हे आपले कॅमेरावाले फार विसरतात.

नवीन लोक हमखास करतात ती चूक म्हणजे मोबाईलवर पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज (कॉल) वाजवून पक्षी बोलावणं. कृपा करून नका करू, विणीच्या दिवसात तर अजिबातच नाही, कारण पक्ष्याला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसलाय, मग तो पिल्लांना भरवायचं सोडून त्याच्या मागे लागतो. आणि पावसाळ्यात कोकणात तिबोटी खंड्याचं घरटं दिसलं तर लांबूनच बघून निघा, लोकेशन कुठेही टाकू नका.

पक्षी ओळखता नाही आला तर शेजाऱ्याला हळू आवाजात बिनधास्त विचारा, बहुतेक जण आनंदाने सांगतात.