घरकामाचे इंग्रजी शब्द मी बादलीपाशी बसून शिकले

घरकामाचे इंग्रजी शब्द पाठ होतात, पण ऐन बोलायच्या वेळी आठवत नाहीत, असं अनेकांचं होतं. माझंही हेच व्हायचं. माझी नात अमेरिकेत राहते. फोनवर विचारायची, "आजी, व्हॉट आर यू डुइंग?" मी म्हणायची, "वर्क." बोलणं तिथंच संपायचं आणि मला फार वाईट वाटायचं.

बकेट, ब्रूम, सोप हे शब्द येतच होते. अडायचं ते क्रियापदांवर. आपण कपडे नुसते धूत नाही ना! भिजवतो, घासतो, खंगाळतो, पिळतो, झटकतो, वाळत घालतो, घड्या करतो. इंग्रजीतही प्रत्येकाला वेगळा शब्द आहे: सोक, स्क्रब, रिन्स, रिंग, शेक, हँग, फोल्ड. मी यादी बाजूला ठेवली आणि हात चालेल तसा तो तो शब्द मोठ्यानं म्हणू लागले. आता टॉवेलला पीळ दिला की 'रिंग' आपोआप तोंडात येतं. (याच्या स्पेलिंगात आधी डब्ल्यू येतो, पण तो उच्चारायचा नाही. कणीक मळणं म्हणजे 'नीड', त्यातला के असाच मुका.) काल कपडे वाळत घातले असं सांगताना 'हंग' म्हणा. 'हँग्ड' फाशीसाठी वापरतात.

भांडी घासणं 'डू द डिशेस', पण अंथरूण नीटनेटकं करणं 'मेक द बेड'. इथं कारण शोधत बसू नका, अख्खं वाक्यच तोंडात बसू द्या.

आपल्या नागपूरच्या कामांनाही शब्द लागतात. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की दिवसातून दोनदा कूलर भरावा लागतो, तो 'फिल'. टाकीतलं शिळं पाणी काढणं 'ड्रेन'. आणि सांबार (म्हणजे कोथिंबीर) निवडतेय असं सांगाल तर ऐकणाऱ्याला इडलीसोबतचं सांबार वाटेल! कोरिअँडर म्हणा. अमेरिकेत हिरव्या पानांना सिलान्ट्रो म्हणतात, हे मला नातीनंच सांगितलं.

परवा तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी सुपात तांदूळ पाखडत होते. "आय ॲम विनोइंग राइस," मी म्हटलं. तिला तो शब्दच माहीत नव्हता. मग तिनं मला फोन सुपाजवळ ठेवायला लावला आणि कोंडा कसा उडतो ते दहा मिनिटं बघत बसली.