आधी घरात उघड बोल

बाय, गटात नवीन आलीस आणि पहिलंच विचारलंस, बचत किती टाकू. त्याआधी घरात बोल. नवरा बोटीवर जातो ना? मग हातात किती येतं, मालकाकडून उचल किती घेतलीय, सोनं कुठे गहाण आहे, हे दोघांनी एकमेकांना खरं सांगायचं. आपल्याकडे उचल लपवायची फार सवय, आणि घरं तिथेच बुडतात.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद. आवक थांबते आणि शाळेच्या वह्या-दप्तरं नेमकी तेव्हाच येतात. तो खर्च मार्चमध्येच काढून ठेव.

कोणी ‘शेकडा दोन’ म्हणालं की लगेच विचार, महिन्याला की वर्षाला? सावकाराचं बहुतेक महिन्याचंच असतं. 50,000 वर महिन्याला 1,000, वर्षाला 12,000, आणि मुद्दल तसंच! हे नवऱ्यासमोर कागदावर लिही. सासूबाईंनाही बसव, जुनी देणी त्यांनाच ठाऊक असतात.

बँकेतल्या ठेवीला व्याज धरून 5 लाखांपर्यंत विमा आहे. तो पतसंस्थेला किंवा भिशीला लागू नाही.

पुढच्या बैठकीला तो कागद घेऊन ये, तुला झेपेल तो आकडा त्यावरूनच ठरवू.