वस्तीतल्या टोळीत ओढल्या जाणाऱ्या १५ वर्षांच्या मुलासाठी सरकारी मदत कुठे मिळते? (पुणे)

आज १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा आणि पोलीस ठाण्यात 'बाल कल्याण पोलीस अधिकारी' कोण, हे विचारून त्यांनाच भेटा; मुलाने अजून गुन्हा केलेला नसेल तर त्याच्यावर गुन्हा नोंदवला जात नाही. बाल न्याय कायदा २०१५ नुसार प्रत्येक ठाण्यात असा अधिकारी असतो आणि मुलाशी बोलताना त्याने गणवेश घालायचा नसतो. ठाणे अंमलदाराकडे नुसतं तोंडी सांगून परतलात तर बहुतेकदा काहीच हलत नाही, म्हणून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात मुलाबद्दल कमी आणि त्याला वापरणाऱ्या मोठ्यांबद्दल जास्त लिहा: कोण गाडी देतो, कोण पैसे देतो, कोणाच्या स्टेटसवर मुलाच्या हातात कोयता दिसतो. त्या स्टेटसचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह जपा. मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला याच कायद्याच्या कलम ८३(२) खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपये दंड होऊ शकतो. नशेचा धोका असेल तर बाल कल्याण समितीकडेही (काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठीची जिल्ह्याची समिती) अर्ज करता येतो.

उद्या मुलगा पकडला गेलाच, तर टोळीच्या 'भाई'ने देऊ केलेला वकील कृपा करून घेऊ नका. तो उपकार फेडता फेडता पोरगं कायमचं अडकतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मुलांना मोफत वकील देतं.

एक मात्र लक्षात ठेवा: १६ पूर्ण झाल्यावर खुनासारख्या अतिगंभीर गुन्ह्यात बाल न्याय मंडळ (अल्पवयीनांवरच्या गुन्ह्यांची प्रकरणं पाहणारं मंडळ) प्राथमिक मूल्यमापन करून खटला प्रौढाप्रमाणे चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं.